फाट्यावरचा फ्लेक्स

साताऱ्याकडच्या आमच्या गावात घरटी एक तरी माणूस सैन्यात आहे. त्यामुळे मुलगा बारावी झाला की पुढे काय, हा प्रश्न कुणाला पडत नाही. मी सांगलीच्या कॉलेजात नाव घातलं, तेही नावापुरतंच. पहाटे नदीकाठच्या रस्त्याने पळणं हाच खरा अभ्यास. भरतीत पळालो, छाती फुगवली, पास झालो. मेडिकल तेवढं बाकी होतं. पण आमच्या चुलत्यांना कुठला दम! त्यांनी फाट्यावर माझा फ्लेक्स लावूनही टाकला: 'सैन्यात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. सॅल्यूट ठोकणारं धड कुणा अनोळखी जवानाचं, वर मुंडकं माझं. खाली शुभेच्छुकांचे फोटो इतके, की अख्खं गावच भरती झालंय असं वाटावं.

मेडिकलला डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांचं पान पुढे धरून त्यातला आकडा वाचायला सांगितला. मला नुसते ठिपकेच दिसले. लाल-हिरव्यातला फरक मला कळत नाही, हे तोवर कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. मिरच्या तोडायला पाठवलं की मी पिकल्या-कच्च्या सगळ्या एकत्र आणायचो. आई त्याला आळशीपणा म्हणायची.

मेडिकलला नापास झालो, एवढं घरी फोनवर सांगितलं आणि मग गावाला गेलोच नाही. एसटी फाट्यावरच थांबते. उतरायचं म्हणजे स्वतःच्याच सॅल्यूटखालून जायचं. खोलीवर पडून राहायचो. जेवण जायचं नाही, आरशात बघायची लाज वाटायची.

अशातच कॉलेजने राष्ट्राभिमान आणि विद्यार्थ्यांचं मनःस्वास्थ्य या विषयावर व्याख्यान ठेवलं. ज्याला देशाचा अभिमान असतो तो उदास होत नाही, असं पाहुण्यांचं म्हणणं. औषध स्वस्तात होतं. मग त्यांनी विचारलं, "तिरंगा पाहिला की काय वाटतं?" सगळे ओरडले, ऊर भरून येतो. मीही ओरडलो. माझ्या उराचं तर मापही घेऊन झालं होतं. फक्त वरचा पट्टा आणि खालचा पट्टा मला जवळपास सारखेच दिसतात, हे बोललो नाही. उगाच देशद्रोही ठरायचो.

शेवटी आबांचा, म्हणजे वडिलांचा, फोन आला. ते निवृत्त हवालदार. जास्त बोलणं त्यांच्या नोकरीत बसत नसावं. "म्हशीकडं कोन बघायचं? ये," एवढंच म्हणाले.

फाट्यावर उतरलो तर नुसते बांबू उभे. घरी आलो. आबा गोठ्यात वैरण टाकत होते. आत शिरून वर पाहिलं, तर छपराला आतून मीच, सॅल्यूट ठोकून म्हशीकडे बघतोय.

"आवं आबा, तुमी काढला व्हय?"

"व्हय. गोठा लय गळत हुता. जाड हाय बग, थेंब येत न्हाई आता." मग त्यांनी एक पेंढी माझ्या हातात दिली. "धर. आन चार दिस ऱ्हा हितं. कुनाला काय सांगायचं ते मी सांगतो."

मी पेंढी धरली. ऊर भरून आला. तो कुणी मोजला नाही.