पाचव्या महिन्यात गाव शोधताना

आमच्या लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, पण संसारात पाचवा महिना कधी आला नव्हता. अविनाश, माझा नवरा, बोटीवर इंजिनियर. सहा-आठ महिने तिकडे, तीन-चार महिने इकडे. चौथा महिना संपत आला की मी चकल्या करायला घ्यायचे आणि तो बॅग भरायला. डिसेंबरात तो कायमचा उतरला. एप्रिल उजाडला तरी बॅग माळ्यावरच, आणि अविनाशने माझ्या स्वयंपाकघरातल्या डब्यांना लेबलं लावायला घेतली. मिठाच्या काचेच्या बरणीवर ‘मीठ’. समोर मी त्याला अहो-जाहो करते, पण इथे एकेरीच लिहिणार.

निवृत्तीनंतर पुणं सोडून रत्नागिरी जिल्ह्यात राहायचं, हे आमचं जुनंच ठरलेलं. कुठे, ते मात्र ठरलेलं नव्हतं. माझं लहानपण देवरुखकडच्या वलाटीत गेलं, म्हणजे डोंगराच्या बाजूला. अविनाश खलाटीतला, समुद्रकाठचा, जयगडजवळचा. आता तिथे आमचं दोघांचंही स्वतःचं असं घर नाही. पावसाआधी वर्षभरासाठी एखादं भाड्याने घ्यायचं, म्हणून दोन्हीकडे एकेक बघून ठेवलं होतं. तुम्हाला वाटेल, मी डोंगर म्हणत असेन आणि तो समुद्र. अगदी उलट! “समुद्र बघून झाला, आता शांतता हवी,” असं तो म्हणायचा, आणि मला रोज ताजी मासळी हवी होती.

पहाटे पाचला निघालो. कराडला मिसळ, मग पाटणवरून कुंभार्ली घाट. घाटात वळणं बरीच आहेत, तेव्हा मिसळ बेतानेच खा, हा अनुभवाचा सल्ला. खाली अलोऱ्याला चहा घेऊन चिपळूणला महामार्ग पकडला. चौपदरी रस्ता सुरू झाला म्हणून आनंद व्हावा, की लगेच पाटी येते, ‘रस्ता वळवला आहे’. मोबाईल सात तास म्हणतो, तुम्ही नऊ धरा. संगमेश्वर सोडून आत वळलो आणि दोन वाजता मास्तरांच्या दारात उतरलो.

मास्तर निवृत्त शिक्षक. वरचा मजला भाड्याने देतात, महिना चार हजार. पुढे फणस, मागे नारळी-पोफळीचं आगर, चिऱ्याच्या थंडगार भिंती. विहीर मात्र तळ दाखवत होती. “मे महिन्यात दोन कळशांत भागवायची सवय करा,” मास्तर म्हणाले. मासेवाला स्कूटरवरून आठवड्यातून दोनदा येतो. त्याचे बांगडे मी डोळ्यांत डोळे घालून तपासले आणि त्या दुपारी पिठल्यावर भागवलं.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर मला माझ्या शाळेतली एक मैत्रीण भेटली, तासभर गप्पा झाल्या, आणि मी विरघळले. इथंच राहू या म्हणून सांगायला वर आले तर अविनाश खिडकीत उभा. “काहीच आवाज नाही गं इथे,” तो म्हणाला. “इंजिन बंद पडलं की असं वाटतं. काहीतरी बिघडलंय असं.”

मी चिडले. शांतता हवी म्हणून हट्ट कुणाचा होता?

मास्तरांनी आमची ही धुसफूस ऐकली असावी. “नवी चूल मांडायची तर आमच्याकडे देवाला विचारतात. कौल लावून घ्या,” म्हणाले. मग ग्रामदेवतेच्या देवळात गेलो. गुरवाने देवाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या लावल्या, आमच्या वतीने गाऱ्हाणं घातलं, ‘ही माणसं तुझ्या गावात राहू म्हणतायत’. पाच मिनिटांत उजवी पाकळी पडली. उजवी म्हणजे होकार. नारळ, फूल, दक्षिणा मिळून दीडशे रुपयांत प्रश्न सुटला, असं मला वाटलं.

“तिकडचं घर बघितल्याशिवाय कसं?” अविनाश म्हणाला. तेही खरंच होतं.

तिसऱ्या दिवशी निवळीवरून जयगडच्या रस्त्याला लागलो. बंदराचे ट्रक असतात, घाई करू नका. तिथल्या घरमालकीण सुलभाताई. त्यांचे यजमानही बोटीवर. भाडं सात हजार, पण ओटीवरून थेट खाडीचं तोंड दिसतं. सुलभाताईंनी काहीच लपवलं नाही. “पानी जरा मचूळ हाय, प्यायचां नळाचां घ्या. ग्रिल तीन वर्षात खाल्लान खाऱ्या वाऱ्यानं. फ्रिजचां पन तेच. आदीच सांगत्ये, मागाहून बोलायला नको.”

दुपारी त्यांनी जेवायला घातलं. ताज्या सुरमईची कढी, भात, सोलकढी. मी तीनदा भात घेतला. मग मी सहज विचारलं, “तुमचे हे घरी आले की कसं होतं?”

“पयले पंधरा दिवस पावना,” त्या हसत म्हणाल्या. “मंग माझ्या डब्यांना हात लावायला लागतात. मंग मी दिवस मोजत्ये. आनि गेले की दोन दिवस जेवन जात नाय.”

मी हसले. अविनाश तिथे नव्हताच. तो ओटीवर जाऊन लांब नांगरलेल्या मोठ्या बोटीकडे बघत बसला होता. संध्याकाळपर्यंत तिथेच. हाक मारली की ‘आलो’ म्हणायचा आणि यायचा नाही. आता त्याला खलाटी हवी होती आणि मला नको झाली होती. या माणसाने रोज बोटीकडे बघायचं आणि मी त्याच्या पाठीकडे, तर मग बदललं काय? धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशी गत.

चौथ्या दिवशी सकाळी या गावच्या देवळातही गेलो. आता निकाल लागेल म्हणून मी पदर खोचूनच बसले होते. पाकळी पडली. उजवी!

“अहो, असं कसं? वलाटीतल्या देवानंही उजवाच दिला,” मी गुरवकाकांना म्हटलं.

गुरवकाका पाट पुसता पुसता थांबले. “त्यानं उजवा दिलान, यानं पन दिलान. दारात आलेल्या मानसाला नको येव, असां कोन म्हनतंय? राहू का म्हनून इचारलात, तो राहा म्हनाला. तुमच्या मनात दुसरांच कायतरी हाय. ता इचारा. लावतो परत पाकळी.”

अविनाशने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे. “विचारायचंय का काही?” तो म्हणाला.

“नको, उशीर होतोय,” मी म्हटलं. सकाळचे दहा वाजले होते आणि आम्हाला कुठेही वेळेत पोचायचं नव्हतं.

परतीचा रस्ता तोच, घाट तोच. गाडीत आम्ही फक्त टोल आणि डिझेलबद्दल बोललो.

पुण्याला येऊन आठ दिवस झाले. दोन्हीकडून फोन येतात, दोन्हीकडे ‘कळवतो’ म्हणून सांगितलंय. तुमच्यापैकी कुणी असं घर शोधत असेल तर पाण्याची चौकशी एप्रिल-मेमध्येच करा, दोन-दोन दिवस राहून बघा, एवढं मी नक्की सांगू शकते. बाकी माझाच गोंधळ आहे.

काल संध्याकाळी मी मेथी निवडत होते. अविनाश समोर येऊन बसला. “देवळात तू काय विचारणार होतीस?”

अठ्ठावीस वर्षं मी त्याला फोनवर ‘सगळं ठीक’ म्हणत आले. काल तसं म्हणवलं नाही. “बारा महिने तुमच्याबरोबर राहणं मला जमेल का, हे विचारणार होते,” मी म्हटलं. “आणि तुम्ही?”

त्याने मेथीची एक काडी उचलून मोडली. “कंपनीने परत बोलावलंय. एक वर्षासाठी. जाऊ का, हे.”

माझ्या मनात पहिल्यांदा आलं, ‘सुटले’. खोटं कशाला लिहू. त्या विचाराच्या मागोमाग भीती वाटली. मला माझीच लाज वाटली, आणि त्याचा राग आला, आणि त्याची दयाही आली. सगळं एकदम.

“जाऊ नका,” मी म्हटलं.

का म्हटलं, ते मला अजून नीट सांगता येत नाही. गाव कुठलं, तेही ठरलेलं नाही. पण आज सकाळी त्याने माझ्यासमोर कंपनीला फोन करून नाही म्हणून सांगितलं, आणि मग आम्ही दोघंही घाबरून चहा पीत बसलो.