बडेबाबूंचा जपानी चहा

जपानी माणूस पाहुण्याला चहा कसा देतो, हे तुम्हाला ठाऊक आहे का? आमच्या अकोल्याच्या कचेरीतल्या बडेबाबूंना, म्हणजे हेडक्लार्कना, ठाऊक आहे. टॉकीजमध्ये लागलेला हातानं काढलेल्या चित्रांचा, कार्टूनसारखा जपानी सिनेमा त्यांनी चार वेळा पाहिला. बाकीचे लोक राक्षस आला की टाळ्या वाजवत, बडेबाबू मात्र कागदाची दारं आणि उंबऱ्याबाहेर काढलेली पायताणं न्याहाळत.

"त्यातली म्हातारी पाहुण्याले दोन्ही हातानं चहा देते," ते साऱ्या टेबलांना सांगत. "वाकून देते. पाहुणा कोण, कुठला, काई इचारत नाई. याले म्हणतात संस्कृती, बावा."

हे सांगतानाच ते केटलीतून सगळ्यांना चहा ओतत. आम्ही बौद्ध झालो, मी मॅट्रिक होऊन सरकारी कारकून झालो, तरी माझा कप वेगळा, खिडकीत ठेवलेला. त्यात ते हातभर उंचीवरून धार सोडत.

एकदा मी विचारलं, "बडेबाबू, त्या म्हातारीनं खिडकीत कप ठेवला होता काय?"

बडेबाबूंनी केटली खाली ठेवली. ते म्हणाले, "ते जपान हाय, गड्या. आपल्याले अकोल्यात राहाचं हाय."

पण बोलणं त्यांना लागलं असावं. दुसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलापाशी आले, कमरेत वाकले आणि दोन्ही हातांनी मला चहा दिला. कप तोच, खिडकीतला. तोही त्यांनी रुमालात धरला होता.

तुमच्या कचेरीच्या खिडकीत असा कप असेल, तर उद्याचा पहिला चहा तुम्ही त्यातून घ्या.