फिशटँकमधली फांदी

वाकडला फ्लॅट घेतला तेव्हा आमच्या इमारतीत राहायचं तर गळ्यात कंपनीचं ओळखपत्र आणि हॉलमध्ये फिशटँक हवाच, असा जणू सोसायटीचा ठराव होता. ओळखपत्र मला होतं. टँकसाठी मी वास्तुवाल्याला बोलावलं. दिवसभर संगणकाला तर्क शिकवणारा मी, त्यानं होकायंत्र बाहेर काढल्याबरोबर हात जोडून उभा राहिलो. त्यानं ईशान्येचा कोपरा दाखवला. तिथे ना खिडकी, ना उजेड, पण भरभराट म्हणे तिथूनच येणार होती.

टँक घ्यायला बुधवार पेठेत गेलो. दुकानदार पेपर वाचत होता.

"आत झाडं कोणती लावू? खरी की प्लास्टिकची?"

"आपल्याला काय झेपतं त्यावर आहे."

"मेंटेनन्स नकोय."

"मग प्लास्टिकची न्या. आणि मासे समोरून घ्या, खेळण्यांच्या दुकानातून. चावी दिली की पोहतात."

पेपरमधून त्यानं डोकंही वर काढलं नाही. मला राग आला, पण घेतली मी प्लास्टिकचीच. खऱ्या झाडाला उजेड लागतो, छाटावं लागतं, त्याची पानं कुजतात. प्लास्टिकचं झाड काही मागत नाही आणि रजाही घेत नाही. आमच्या मॅनेजरला असाच माणूस हवा असायचा.

त्याच सुमारास वडील गेले आणि आई कसबा पेठेतल्या भाड्याच्या दोन खोल्या सोडून आमच्याकडे राहायला आली. तिथे तिच्या गॅलरीत तेलाच्या डब्यांतून वीसेक झाडं होती. एकही विकत घेतलेलं नव्हतं, सगळी कुणाकुणाकडून फांद्या मागून आणलेली. मागितलेल्या फांदीला नाही म्हणायचं नाही, हा तिचा नेम होता. एकादशी चुकली असेल, हा नेम नाही. "आपलं मेलं तर मागायला दुसऱ्याचं दार असतं," ती म्हणायची.

नवव्या मजल्यावर सगळी दारं बंद. आम्ही नवरा-बायको सकाळी आठला बाहेर पडायचो ते दिवेलागणीनंतरच परतायचो. दिवसभरात आईशी बोलायची ती फक्त लिफ्टमधली बाई, तीही ध्वनिमुद्रित आणि इंग्रजीत. प्लास्टिकची झाडं आई दर शनिवारी बाहेर काढून भांड्यांबरोबर घासायची. "तुमच्या घरात झाडसुद्धा साबणानं धुऊन निघतं," एवढंच एकदा म्हणाली.

तीन महिन्यांनी एका दुपारी फरशी वाळावी म्हणून तिनं दार उघडं ठेवलं होतं. समोरच्या फ्लॅटमधल्या मुलाची आई आत डोकावली. यवतमाळकडच्या बाई, त्याही मुलाच्या नोकरीपायी इथे आलेल्या. टँकपाशी गेल्या, पाण्यात बोट घालून पानाला हात लावला आणि म्हणाल्या, "मोठं छान झाड आहे जी. एक फांदी द्या न."

"उद्या देते," आई म्हणाली.

संध्याकाळी मी घरात पाऊल टाकतोय तोच तिनं सांगितलं, "मला खरं झाड आणून दे."

"अगं, प्लास्टिकचं आहे म्हणून सांग की. त्यात काय!"

"घरात येऊन पहिल्यांदा कुणीतरी काहीतरी मागितलंय. त्यांना काय सांगू, आमच्याकडे द्यायला काही नाही?"

मी हसलो. शनिवारी बघू म्हटलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात डबा खाताना सगळ्यांना हा किस्सा रंगवून सांगितला, आईच्या आवाजाच्या नकलेसह. टेबल हसून हसून लोटपोट झालं.

त्याच वेळी आई सिटी बसनं मनपाच्या थांब्यापर्यंत जाऊन, पुढे बुधवार पेठेत चालत निघाली होती. परतताना मांडीवर पाण्यानं भरलेली पिशवी, तिच्यात बारीक पानांचं झाड. निम्मं तिनं आमच्या टँकमध्ये खोचलं आणि निम्मं समोर नेऊन दिलं. तेव्हापासून दुपारचा चहा कधी इकडे, कधी तिकडे होऊ लागला. दोघी मिळून मेथी निवडायच्या आणि आपापल्या मुलांना नावं ठेवायच्या.

महिन्याभरात आमचं झाड ईशान्येच्या अंधारात काळं पडून कुजलं. आई धास्तावली. खोटं उघडं पडेल आणि ते दार बंद होईल, ही तिची भीती. दोन दिवस ती समोर गेलीच नाही. रविवारी मात्र तिनं माझ्या हातात पाण्याचा वाडगा दिला आणि म्हणाली, "चल. फांदी मागायची आहे."

समोरच्यांच्या खिडकीत लोणच्याची मोठी बरणी होती. तिच्यात तेच झाड काठोकाठ वाढलेलं. टँक नाही, मासा नाही.

"अहो, खरं सांगते," आई उभ्याउभ्याच म्हणाली. "तुम्ही मागितलंत तेव्हा आमचं प्लास्टिकचं होतं. हे मी दुसऱ्या दिवशी विकत आणलं. आता आमचं मेलं."

बाईंनी बरणीत हात घातला आणि चांगली जाडसर फांदी तोडली.

"मले माहीत होतं न, बाई. हात लावून पाह्यला होता मी."

"मग मागितलीत कशाला, मावशी?" मी विचारलं. माझ्यासारखा हुशार माणूसच हे विचारू शकतो.

"आता काय सांगू बाबू. घरात दिवसभर बोलाले माणूस नाही, असं कोणाच्या दारात जाऊन सांगता येते का? काही मागाले गेलं तर लोक आत घेतात."

त्यांनी फांदी वाडग्यात ठेवली. आई डोळे पुसत हसत होती. मला मात्र मान वर करवेना. इथे आल्यापासून आईनं माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती, आणि ती मी डब्याबरोबर ऑफिसात नेऊन सगळ्यांना वाटली होती.