कुत्र्याचं पथ्य आणि सासऱ्यांचा दुधी

आमचा कुत्रा म्हातारा झालाय, हे घरात सगळ्यात आधी सासऱ्यांच्या लक्षात आलं. सकाळी जांबे गावातल्या आमच्या घराच्या पायरीवर बसून ते त्याला शिळ्या भाकरीचा तुकडा टाकायचे आणि तो उडी मारून वरच्यावर झेलायचा. एके दिवशी त्यानं झेलला नाही. खाली पडल्यावर हुंगला, तोंडात धरला, मान वाकडी करून चघळून पाहिला आणि सासऱ्यांच्या पायाशी परत आणून ठेवला.

"दात गेलं त्याचं," सासरे म्हणाले. "आता ह्यो माझ्या पंगतीला."

त्यांचे स्वतःचे दात केव्हाच गेले होते. कवळी होती, पण ती फक्त लग्नाकार्याला बाहेर निघायची, तीही फोटो होईपर्यंत. शिवाय त्यांना साखर आणि ब्लडप्रेशर दोन्ही. डॉक्टरांनी मऊ आणि अळणी खायला सांगितलेलं, म्हणून मी त्यांना दुधी शिजवून द्यायची आणि ते ताट हातभर लांब सरकवून ठेवायचे.

कुत्रा जेवत नाही ही बातमी वरच्या मजल्यांवर पोचायला वेळ लागला नाही. आमच्या खोल्यांमध्ये आयटीत काम करणारी मुलं-मुली भाड्यानं राहतात. दुसऱ्या मजल्यावरची मुलगी त्याच संध्याकाळी खाली आली.

"काकू, भाकरी देता तुम्ही त्याला? अहो, या वयात सीनिअर फूड लागतं. ग्रेन-फ्री."

ती स्वतः बहुतेक दिवस गरम पाणी ओतून होणाऱ्या नूडल्सवर काढायची. पण कुत्र्याच्या बाबतीत तिचा अभ्यास पक्का होता. दोन दिवसांनी तिनं मोठी पिशवी आणली. पिशवीवर बर्फाच्या डोंगरावर उभा असलेला एक केसाळ, तरणाबांड कुत्रा होता. सासऱ्यांनी चष्मा लावून पिशवी फिरवून फिरवून पाहिली.

"काय लिवलंय?"

"यात धान्य नाही, आबा," मी म्हणाले.

"धान्य न्हाई? मंग दुष्काळातलं हाय व्हय?"

आमच्या कुत्र्यानं त्या गोळ्यांपैकी एक तोंडात घेतली, दाढेखाली आल्याबरोबर थुंकली आणि लांब जाऊन बसला. शेजारच्या कोंबड्यांना मात्र त्या फार आवडल्या. पिशवी त्यांनीच संपवली. मुलीला मी सांगितलं की गोळ्या संपल्या, आणि ते खोटं नव्हतं.

मग रिहे गावाकडचे एक साहेब आले. तिथल्या भाताच्या खाचरांमध्ये त्यांनी फार्महाऊस बांधलंय. सेंद्रिय बागेसाठी शेणखत मिळेल का, हे विचारायला ते आमच्याकडे अधूनमधून येत, आणि खत मिळो न मिळो, निसर्गाबद्दल बरंच सांगून जात. कुत्र्याला पाहून त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"हे पाहा, कुत्रा म्हणजे मूळचा लांडगा. त्याला त्याच्या पूर्वजांचा आहार द्या. कच्चं मांस. निसर्गात कोण शिजवून घालतं?"

सासऱ्यांनी कुत्र्याकडे पाहिलं. तो उन्हात आडवा झाला होता आणि एक कोंबडी त्याच्या पाठीवर उभी राहून पिसं साफ करत होती.

"ह्यो लांडगा?" त्यांनी विचारलं.

तरी माझ्या नवऱ्यानं दुसऱ्या दिवशी कच्ची कलेजी आणलीच. साहेबांसारखा शिकलेला माणूस सांगतोय म्हटल्यावर करून पाहायला काय हरकत, असं त्याचं म्हणणं. कुत्र्यानं कलेजी हुंगली, हळूच तोंडात उचलली, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी नेऊन ठेवली आणि माझ्याकडे बघत बसला. कुणीतरी गॅस पेटवेल, एवढीच त्याची अपेक्षा होती.

तेव्हा मात्र मी त्याला रिक्षात घातलं आणि हिंजवडीजवळच्या जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी त्याचा जबडा उघडला. आत हिरडी लालभडक सुजली होती आणि दोन दाढा हलत होत्या. इतके सल्लागार झाले, पण त्याच्या तोंडात कुणी डोकावलंच नव्हतं.

रक्त तपासून, भूल देऊन त्यांनी दाढा काढल्या. मग खाणं सांगितलं: गुरगुट्या भात, त्यात हाडं काढून कुस्करलेली उकडलेली कोंबडी, लाल भोपळा, थोडं गाजर. मीठ-मसाला नाही, कांदा-लसूण तर मुळीच नाही. एकदम भरपूर न देता थोडं थोडं.

"त्या विकतच्या गोळ्याही चालल्या असत्या," त्या म्हणाल्या, "कोमट पाण्यात भिजवून."

मी कोंबड्यांचा विषय काढला नाही.

दुसऱ्या दिवशी मी कुत्र्यासाठी पातेलं चढवलं. घरभर कोंबडीच्या रश्श्याचा वास सुटला. सासरे पायरीवरून उठून आत आले, पातेल्यात वाकून पाहिलं आणि मग आपल्या ताटाकडे पाहिलं.

"त्याला कोंबडी आन मला दुधी?"

"आबा, ते अळणी आहे. तुम्हाला नाही आवडणार."

"माझं काय मसाल्याचं हाय? घाल हितं."

मी घातलं. आधी त्यांना, नंतर कुत्र्याला. वर्षभर माझ्या हातचं अळणी जेवण नाकारणाऱ्या माणसानं ताट चाटूनपुसून साफ केलं. तेव्हापासून मी पातेलं मोठं घ्यायला लागले. सासऱ्यांच्या वाटणीत चिमूटभर मीठ आणि वरून कोथिंबीर, कुत्र्याला तसंच. फरक तेवढाच.

आता ही गोष्ट गावात ज्या रूपात पोचली, ते रूप वेगळं होतं. दूध न्यायला येणाऱ्या एका बाईनं मला एकाच पातेल्यातून दोघांना वाढताना पाहिलं होतं. तिच्याकडून ते पिरंगुटला, माझ्या नणंदेच्या सासरी गेलं. वाटेत त्यात बरीच भर पडली असणार, कारण नणंद आली ती चपलाही न काढता थेट स्वयंपाकघरात.

"वहिनी, माझ्या बापाला कुत्र्याचं खायला घालतीस तू? लोकं काय बोलत्यात, हाय का ठावं?"

मी पळी हातात धरून उभी राहिले. पुण्यात वाढलेल्या सुनेबद्दल या घरातल्या माणसांच्या ज्या शंका होत्या, त्या सगळ्या त्या एका वाक्यात होत्या. मला रडू येईल असं वाटलं आणि हसूही येत होतं. काय आधी येतंय ते बघत मी पातेलं ढवळत राहिले.

बाहेरून सासऱ्यांचा आवाज आला.

"मी न्हाई त्याचं खात. त्यो माझं खातुया. बस आन तू बी खा."

नणंद खाली बसली. मी तिला वाढलं, वर थोडं लिंबू पिळलं. तिनं पहिला घास तपासणीला आल्यासारखा खाल्ला, दुसरा जरा सावकाश. तिसऱ्या घासाला तिचा आवाज उतरला होता.

"भोपळा आधी घालतीस का मागनं?"

"आधी."

"आमच्याकडं ह्यांचं पोट लई बिघडलंय," ती म्हणाली, आणि चपला काढायच्या राहिल्यात हे लक्षात येऊन उठली.

जाताना ती डबा भरून घेऊन गेली. पिरंगुटात त्याचं नाव काय सांगितलं, ते मला माहीत नाही.

पावसाळा संपला तेव्हा कुत्र्याला पुन्हा दाखवायला नेलं. हिरड्या छान भरल्या होत्या, पण वजन जास्त झालं होतं. डॉक्टर म्हणाल्या, भात कमी करा आणि रोज चालवा. सासऱ्यांच्या डॉक्टरांनीही त्यांना तेच सांगितलं होतं, फक्त ते त्यांनी कधी मनावर घेतलं नव्हतं. आता कुत्र्याला फिरवायला माणूस लागतो म्हणून ते रोज सकाळी निघतात. पट्टा नावाला हातात असतो. कंपन्यांच्या बसगाड्या हॉर्न देत शेजारून जातात, तेव्हा दोघंही रस्त्याच्या कडेला थांबतात आणि शेवटची बस वळेपर्यंत तिच्याकडे बघत उभे राहतात.