आल्मुटनं खरवडलेला गणवेश

आल्मुट रेन्केनच्या हातात सुरी दिली तर ती पाव कमी कापेल आणि माणसं जास्त सुधारेल, असं तिचे मालक डेटमर फोटोवाले म्हणायचे, आणि त्यात खोटं काही नव्हतं. वेझर नदीकाठच्या त्या एवढ्याशा गावात ज्याचा म्हणून फोटो निघाला तो आल्मुटच्या हाताखालून गेला. खिडकीशी तिचं तिरकं टेबल, टेबलावर काचेची निगेटिव्ह, तिच्याखाली उजेड फेकणारा आरसा. पेन्सिलीच्या टोकानं ती सुरकुत्या पुसायची, बारीक सुरीनं सुटलेली पोटं खरवडून काढायची. पाववाल्याच्या बायकोला तर तिनं लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला अशी कंबर काढून दिली, की बाई फोटो पाहून ओरडलीच, "अगं बाई, ही कोण बया माझ्या नवऱ्याला चिकटून उभी?"

पण हे नंतरचे सुखाचे दिवस. युद्ध हरल्यावर पहिली दोन वर्षं आल्मुटनं फक्त गणवेश खरवडले. नव्या राज्यकर्त्यांचा हुकूम होता, लष्करी कपडा अंगावर घालायचा तर आधी रंगवून घ्या. बायकांनी चुलीवर मोठाले टोप चढवले, सगळं गाव तपकिरी होऊन हिंडायला लागलं. कपडे रंगले हो, पण भिंतीवरच्या फोटोंचं काय? तिथे छातीवर जुन्या राजवटीचा गरुड तसाच बसलेला. मग लोक फोटो कागदात गुंडाळून डेटमरांच्या मागच्या दारानं यायचे. "एवढा गरुड तेवढा काढा." आल्मुट काढायची. मेलेल्या पोरांना तिनं कोट चढवले, टाय बांधले. कुणी काही विचारलं नाही, कुणी काही सांगितलं नाही. झालं गेलं वेझरेला मिळालं. हे बरं झालं का? मला विचाराल तर मुळीच नाही. पण गावाचा धीर तेवढाच होता.

आणि आल्मुटचं स्वतःचं काय? ती पंचेचाळीस सालच्या उन्हाळ्यात एक बोचकं घेऊन या गावात आली आणि ब्रेमेनच्या मावशीकडे होते, मुरंबे घालत होते, असं तिनं सांगितलं. कसले मुरंबे! ती तीन वर्षं सैन्याच्या टेलिफोनवर होती. करडा गणवेश, तिरकी टोपी, डाव्या बाहीवर कडाडत्या विजेची नागमोडी रेघ असलेला बिल्ला. अशा मुलींना तोंडावर 'विजेच्या पोरी' म्हणत आणि पाठीमागे 'अधिकाऱ्यांच्या गाद्या'. ज्यांनी कधी टेलिफोनचा खटका पाहिला नव्हता तेही म्हणत. म्हणून तिनं तोंड शिवून घेतलं. पण गप्प राहण्याचं तेवढंच कारण नव्हतं. आपण कुणाचे हुकूम कुणाला जोडून दिले, तारेच्या दुसऱ्या टोकाला कुणाची गावं जळाली, हे विचार तिच्या मनात यायचे आणि ती आणखीच गप्प व्हायची. त्या दिवसांचा एकच फोटो तिच्याकडे उरला होता, तो कपाटात चादरींच्या तळाशी.

सत्तावन्न साली, आलुबुखारांच्या दिवसांत, ओटिली विबुश दुकानात आली. ही धोबीकाम करणारी विधवा. तिची एकुलती मुलगी गेझिने तशीच विजेची पोर, पूर्वेकडे गेली ती परतली नाही. मेल्याचा कागद नाही, जिवंत असल्याची चिठ्ठी नाही. शेचाळीसमध्ये याच बाईनं गेझिनेचा फोटो साधा करून घेतला होता, आणि डेटमरांकडची मूळ काचच आल्मुटनं खरवडली होती. टोपीच्या जागी कुरळे केस, बिल्ल्याच्या जागी काळोख, गळ्याशी लेसची कॉलर.

"आल्मुट, पोरी, मला ती टोपी परत दे," विबुशबाई म्हणाली.

"म्हणजे?"

"हरवलेल्यांचं शोधखातं फोटोंचे जाडजूड संग्रह करतंय. गावोगाव नेणार, कैदेतून सुटून आलेल्यांना दाखवणार. त्यांना गणवेशातली पोर हवी. ही तुझी लेसवाली कोण ओळखणार? तिला मी तरी ओळखते का? अकरा वर्षं भिंतीवर बघतेय, तर आता मलाही तिचे केस असेच होते असं वाटायला लागलंय!"

खरवडलेली काच भरून येत नाही. फाटलं तर शिवता येतं, खरवडलं ते गेलं. डेटमर आतून म्हणाले, "नाही जमायचं बाई, सांगून टाक त्यांना." कामानं पांढरे पडलेले हात विबुशबाईनं पदराआड लपवावेत तसे एप्रनखाली घेतले आणि दाराकडे वळली. ते आल्मुटला बघवेना.

"थांबा," ती म्हणाली. "एक तास थांबा."

घरी जाऊन तिनं चादरींखालचा फोटो आणला आणि काउंटरवर ठेवला. विबुशबाईनं तो पाहिला, मग आल्मुटकडे पाहिलं, मग परत फोटोकडे.

"आणि ते मुरंबे?" तिनं विचारलं.

"मला साधी जेलीसुद्धा येत नाही हो."

विबुशबाईच्या ओठांचा कोपरा हलला. डेटमरांनी चष्मा काढून पुसला आणि उगाच आत जाऊन नळ सोडून ठेवला. आल्मुट ठरवून आली होती, आता गाव काय म्हणायचं ते म्हणो. चार दिवस ती टेबलावरून उठली नाही. स्वतःच्या फोटोतलं गणवेशातलं धड घेतलं, त्यावर गेझिनेचा चेहरा बसवला, टोपीखाली केस दडवले, ब्रशनं सांधा मिटवला आणि सगळ्याचा पुन्हा फोटो काढला. विबुशबाईनं तो हातात धरला आणि "आलीस होय गं," एवढंच तिला म्हणवलं. फोटो शोधखात्याकडे गेला.

उत्तर आलं फेब्रुवारीत. विबुशबाई पत्र घेऊन आली, स्टुलावर बसली. "तूच वाच. माझा चष्मा घरी राहिला."

कासेलच्या कुणा इर्मट्राउट ग्योडेनं लिहिलं होतं: "चेहरा मला सांगता येत नाही, मी तापानं फणफणले होते. पण बाहीवरचा तो वाकडा शिवलेला बिल्ला मी कुठेही ओळखेन, तीन दिवस तो माझ्या डोळ्यांसमोर होता. पंचेचाळीसचा मार्च, दान्झिगहून निघालेला ट्रक. त्या मुलीनं मला मांडीवर घेतलं. स्वतःचे मोजे माझ्या पायांत घातले. मी डोळे मिटू नये म्हणून सारखी गात होती. मला इस्पितळाच्या दारात उतरवलं आणि ट्रक पुढे गेला. नाव विचारायचं राहून गेलं. तेव्हापासून मी तिला शोधते आहे."

आल्मुटनं शेवटची ओळ मनातच पुन्हा वाचली. तो बिल्ला तिचाच. घाईत वाकडा शिवला म्हणून तिला सगळ्यांसमोर बोलणी खावी लागली होती. तो ट्रक, ते मोजे, ती फणफणलेली पोर, सगळं तिचं होतं. चेहरा जोडला गेझिनेचा, पण धडाबरोबर स्वतःचा बिल्लाही गेला हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. एवढी नजरेची पक्की बाई, पण स्वतःच्या बाहीकडे कोण बघतं?

आणि समोर विबुशबाई. मार्चपर्यंत जिवंत असलेली, दुसऱ्याच्या पायांत मोजे घालणारी मुलगी तिला या कागदानं मिळत होती. गप्प बसलं की झालं. झाकली मूठ सव्वा लाखाची. लोकांना बरं वाटेल ते दाखवणं हाच तर आल्मुटचा धंदा होता, आणि या म्हातारीला बरं वाटावं असं तिला मनापासून, अगदी आतड्यातून वाटत होतं. पण मग ती पुढची वीस वर्षं दाराकडे डोळे लावून बसेल, भलत्याच ट्रकची वाट बघत.

"विबुशबाई," ती म्हणाली, "ही गेझिने नाही. ही मी आहे. बिल्ला माझा आहे. मी... मला माफ करा."

विबुशबाईनं तिच्या हातून पत्र घेतलं, नीट घडी घातली.

"माहीत आहे मला. कालच वाचलंय मी ते. चष्मा खिशात आहे."

"मग?"

"गेझिने आणि गाणं? चर्चच्या गायनातून दोनदा हाकलली होती तिला! ती गायला लागली की आमच्या कोंबड्या खुराड्यात पळायच्या. 'गात होती' वाचलं तिथेच मी ओळखलं, ही माझी नाही." ती हसली आणि हसता हसताच तिचे डोळे भरून वाहायला लागले. "तू सांगतेस का, एवढंच बघायचं होतं."

आल्मुट टेबलावर डोकं ठेवून रडायला लागली. विबुशबाई थोडा वेळ तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग तिनं टेबलावरच्या सुऱ्या, ब्रश बाजूला सारले, ड्रॉवरमधून कोरा कागद काढून आल्मुटच्या कोपराशी ठेवला.

"पुरे. नंतर रड. आधी त्या कासेलच्या पोरीला उत्तर लिही," ती म्हणाली. "बारा वर्षं शोधणं म्हणजे काय ते मला विचार. कुणाची तरी हरवलेली सापडू दे."