नितीनचे गुलाबी कान

मित्रांनो, आज रोह्यात एका बापाशी भांडायला गेलो होतो.

बाप म्हणजे माझा कॉलेजातला जुना मित्र नितीन. त्याची मुलगी सायली मैत्रिणींना घेऊन कुंडलिकेच्या काठी फिल्म शूट करणार म्हणते. हा म्हणतो, "असली थेरं आपल्या घरात नाय चालायची." मी अर्धा तास मुलींचं स्वातंत्र्य, कला, समाज, सगळं ऐकवलं. गडी ढिम्म!

मग मी मोबाइलवर आमचीच कॉलेजातली फिल्म लावली. तिच्यात नितीन देव झाला होता. मेकअपला होता हमरापूरचा दिनेश. घरी गणपतीचा कारखाना, त्यामुळे त्यानं मूर्तीचाच ऑइल पेंट नितीनच्या तोंडाला फासला. रॉकेलनं घासलं तरी कान आठवडाभर गुलाबी! नितीनची आई म्हणाली होती, "याचं आता विसर्जनच करा!"

सायली हसून लोळायला लागली. तेवढ्यात आमच्याच वर्गातल्या वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "म्हणजे तो रंग होता व्हय? मला वाटलं, मला बघून लाजतायत! म्हणून तर होकार दिला मी!"

नितीनला तोंड लपवायला जागा उरली नाही. शेवटी तोही हसला. मग लेकीजवळ सरकून हळूच म्हणाला, "काय गो, तुमच्या फिल्ममध्ये बापाचं काम कुणाला दिलंय?"

ज्या वयात आपण मनसोक्त वेडेपणा केला, त्याच वयात मुलांना गप्प बसवणारे आपण कोण? सांगा!