पहिली फेरी आवळणाऱ्याची

माझ्या मुलीला घरात सगळे बारकी म्हणतात. तिशी ओलांडली, उंचीनं बापाच्या कानाला लागते, तरी बारकीच. ती डायलिसिसची टेक्निशियन आहे. ज्यांची मूत्रपिंडं निकामी झालीत त्यांचं रक्त मशीनमधून काढायचं, धुवून परत अंगात सोडायचं, हे तिचं काम. हॉस्पिटल हायवेच्या पार दुसऱ्या टोकाला आणि पहिली पाळी उजाडायच्या आत. ती पोचून मशीन तयार करणार, तेव्हा कुठं माणसं आडवी होणार. पहिली बस त्यानंतर सुटते, म्हणजे बस असून नसल्यासारखी. हे सगळं मला कळत होतं हो. पण म्हणून मोटारसायकल? आणि तीही पुढं वाकून बसायची, शर्यतीतल्यासारखी? मी सरळ सांगून टाकलं, "असलं धूड माझ्या दारात उभं राहणार नाही."

माझं कोण ऐकतंय म्हणा.

आधी तिच्याकडे स्कूटर होती. चाकं एवढीशी. शेजारून ट्रक गेला की वाऱ्यानं स्कूटर डुलायची, आणि पुढं काढायला जावं तर निम्म्यातच दम सुटायचा. "आई, वेगानं नाही गं माणूस मरत," ती म्हणायची, "ट्रकच्या शेजारी रेंगाळल्यानं मरतो. मला झटकन पुढं निघता यायला हवं आणि तितक्याच झटकन थांबता यायला हवं." असं काही बोलली की मी घाबरायची, आणि घाबरले की मी भांडते. तो माझा स्वभावच आहे.

गाडी बघायला आम्ही तिघं गेलो. मी मोडता घालायला गेले होते, खोटं कशाला बोलू. दुकानातला विक्रेता सगळं ह्यांच्याकडेच बघून बोलत होता. "काकांना कुठली दाखवू?" हे म्हणाले, "काकांना खुर्ची दाखवा. गाडी तिला." बारकी आधी एका लालभडक गाडीवर बसली. हँडल इतकं खाली की पोरगी पार टाकीवर झोपली. तशीच बसून राहिली, डोळे मिटून. विक्रेत्याला वाटलं पसंत पडली. ती उतरली आणि मनगटं चोळत म्हणाली, "सगळा भार इथं येतो. मनगटं मला सुया टोचायला लागतात."

शेवटी तिनं घेतली ती राखाडी रंगाची. हँडल जरा वर, पुढं वारा अडवायला काच, दोन्ही चाकांना एबीएस, म्हणजे करकचून दाबला तरी चाक घसरू न देणारा ब्रेक, आणि बसल्यावर दोन्ही टाचा जमिनीला टेकतात अशी. विक्रेता ताकदीचे आकडे सांगत होता आणि ही विचारत होती, दिव्याचा उजेड किती लांब पडतो, ब्रेकचे पॅड इथं मिळतात का, पंक्चर झाल्यावर किती अंतर जाता येतं. मी आपली मागची सीट बघितली. मी शिवणकाम करते, त्यामुळं नजर शिलाईवरच जाते. शिलाई बरी होती, पण सीट वीतभर आणि ही एवढी उंच. म्हटलं, हिच्यावर बसेल ती मी नव्हे.

आता ह्यांच्याबद्दल सांगते. हे बस डेपोत फिटर होते, ब्रेकचं काम बघायचे. त्यांच्या डेपोत एक नियम होता, कुठं लिहिलेला नव्हता पण सगळे पाळायचे. ज्यानं नट आवळला, त्यानं पहिल्या फेरीत त्या बसमध्ये बसायचं. ड्रायव्हरच्या मागची जागा त्याची. "दुसऱ्याचा जीव टांगायचा तर आपलाही तिथंच टांगायचा," असं ह्यांचे मिस्त्री म्हणायचे. कितीदा तरी काम संपल्यावर घरी यायचं सोडून हे असेच भलत्या गावाला जाऊन यायचे, आणि मी ताट झाकून बसायची.

निवृत्तीनंतर काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंब घालून जपायची. एक डोळा गेलाच होता. दुसरा चांगला आहे, असं हे सांगायचे, आणि आम्ही मानायचो. त्यानंतर माणूस खुर्चीलाच चिकटला. दाराशी बसायचं, रस्त्याकडं तोंड करून. काही विचारलं तर हो नाहीतर नाही. असल्या माणसाशी भांडताही येत नाही.

गाडी आली आणि माणूस खुर्चीतून उठला. त्यासाठी मी त्या धुडाला सगळं माफ केलं. संध्याकाळी बारकी परतली की हे मागचं चाक स्टँडवर चढवायचे, हातानं फिरवत चेन पुसायचे, तिच्यावर तेलाचा फवारा मारायचे. मग चेन बोटांनी वरखाली हलवून बघायची, सैल वाटली की आवळायची. टायर दाबायचे, ब्रेक दाबायचे. "रोजची हायवेची गाडी आहे," म्हणायचे, "हिला रविवारचं कौतुक चालत नाही, रोजची चौकशी लागते." बारकीनं पान्याला हात लावला तरी खेकसायचे, "ठेव खाली. ते माझं काम आहे."

बारकी ठेवायची. बापलेकीचं ते सुख बघून मला भरून यायचं. उगाच कशाला लपवू?

मग एकदा मी तिचा शर्ट धुवायला काढला तर उजव्या बाहीला आतून काळं ग्रीस. चेनला हात ह्यांचा, मग ग्रीस हिच्या बाहीला कसं? माझ्या कात्रणांच्या पिशवीतलं अस्तराचं फडकंही तिच्या बॅगेत सापडलं, तेलानं माखलेलं. विचारलं तर म्हणाली, "लागलं असेल कुठंतरी." माझ्याशी असं गुळमुळीत बोलून कोणी सुटलंय का कधी? हल्ली ती निघायचीही लवकर. दुसऱ्या दिवशी पहाटे ती गेल्यावर मी शाल गुंडाळली आणि मागोमाग चालत गेले.

गल्लीच्या टोकाला, बंद दुकानाच्या शटरपाशी, दिव्याच्या खांबाखाली गाडी उभी होती आणि माझी पोरगी गुडघे टेकून मागच्या चाकाशी बसली होती. हातात सीटखालचा पाना.

"काय चाललंय?"

दचकली. मग म्हणाली, "आई, हळू बोल."

तिनं सांगितलं, टोलनाक्याच्या रांगेत एकदा मागचा ब्रेक लागलाच नव्हता. पुढं टँकर होता. पुढच्या ब्रेकवर कशीबशी थांबली, टँकरपासून हातभर अंतरावर. उतरून बघते तो मागच्या ब्रेकची डिस्क, ती लोखंडी चकती, तेलानं चकचकीत. चेनवर मारलेला फवारा आरपार जाऊन डिस्कवर बसला होता. आणि चेन इतकी ताणलेली की बोटानं दबेना. तेव्हापासून ती रोज पहाटे इथं थांबून डिस्क पुसत होती, चेन सैल करत होती, आणि मग हायवेला लागत होती.

"म्हणजे ह्यांना दिसत नाही," मी म्हणाले.

"कमी दिसतं. किती कमी ते ते सांगणार नाहीत, आणि मी विचारणार नाही." तिनं हात पुसले. "आई, तुला माझी शपथ. त्यांच्याकडे एवढंच राहिलंय. काढून घेऊ नकोस."

मी तोंडाला कुलूप लावलं. मला ओळखणाऱ्यांना विचारा, काय कठीण काम आहे ते! इकडं नवऱ्याचं उरलंसुरलं आयुष्य आणि तिकडं पोरीचा जीव. रोज पहाटे मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहायची. तिथून गल्लीचं टोक दिसतं. गाडी थांबली, दिवा विझला, पुन्हा लागला, की मग मी चहाला आधण ठेवायची.

आणि एके दिवशी पहाटेच फोन आला. एक पेशंट रात्रीपासून धापा टाकत होता, अंगात पाणी भरलं होतं, लगेच मशीनवर घ्यायला हवं होतं. बारकीनं तोंडावर पाणी मारलं, हेल्मेट घातलं आणि निघाली. मी खिडकीत गेले. गाडी गल्लीच्या टोकाला आली आणि थांबलीच नाही. सरळ निघून गेली.

मी धावत फोनकडं गेले. फोन लावला, तो वाजतच राहिला. बॅगेत असणार, हायवेवर ती फोन उचलत नाही. हे मागं खुर्चीत येऊन बसले होते. म्हणाले, "आज चहाला उशीर?"

झालं. माझं कुलूप निघालं. "चहा हवाय तुम्हाला? पोरगी तुम्ही आवळलेल्या गाडीवर गेलीय, न तपासता गेलीय! रोज गल्लीच्या टोकाला गुडघ्यावर बसून तुमचं तेल पुसते ती! चेन सैल करते! आज नाही केली!" आणखी काय काय बोलले, आठवत नाही. रडत होते आणि बोलत होते.

ह्यांनी माझ्या आवाजाकडं तोंड वळवलं. मग अगदी हळू म्हणाले, "ती सैल करत होती?"

"मग काय भूत येऊन करत होतं?"

"मला रोज चेन सैल लागायची गं. आदल्या दिवशी आवळलेली, आणि दुसऱ्या दिवशी सैल. मला वाटलं, डोळे गेले तशी आता बोटंही गेली. आपल्याला ताण कळेनासा झाला." त्यांनी हात मांडीवर पालथे ठेवले. "म्हणून मी रोज थोडी जास्त आवळत गेलो. काल तर सगळ्यात जास्त."

ती ह्यांना जपायला सैल करत होती आणि हे तिला जपायला आवळत होते. आणि दोघांच्या जपण्यातून ताणलेली ती चेन घेऊन माझी पोरगी त्या घटकेला ट्रकांमधून चालली होती. आम्ही दोघं फोनकडं बघत बसलो. मी बघत होते, हे कान देऊन होते. चहा कोणीच केला नाही.

फोन वाजला तेव्हा ऊन दारात आलं होतं. "पोचले गं. किती मिस्ड कॉल! चेन ओरडत होती म्हणून पंपावर थांबले, सैल केली, डिस्क पुसली. तो पेशंट मशीनवर आहे, आता बरा आहे. ठेवते." आणि ठेवला. एवढंच. मी देव्हाऱ्यात न जाता आधी मोरीत गेले आणि पोटभर रडून घेतलं.

संध्याकाळी ती आली तेव्हा हे दारात उभे होते. माझ्या चेहऱ्यावरूनच तिला सगळं कळलं असावं. ती काही बोलायला गेली तर हे म्हणाले, "उतरू नकोस. बसून राहा." मग खाली बसून, चाचपत, त्यांनी चेनला बोट लावलं. ती बसल्यावर चेन अगदी बेताची ताणली गेली होती. "आता उतर." ती उतरली, चेन सैल पडली. पुन्हा बसवलं, पुन्हा बोट लावलं.

"मी रिकाम्या गाडीवर मोजत होतो," हे म्हणाले. "हिचा मागचा भाग माणसाच्या वजनानं दबतो आणि चेन ताणली जाते. एकदा जरी तुझ्या मागं बसलो असतो तरी आवाजावरून कळलं असतं. पहिली फेरी. जन्मभर पाळली आणि नेमकी तुझ्या गाडीला चुकवली."

"का चुकवली, बाबा?" बारकीनं विचारलं.

"मागं बसायला जायचं तर पाय ठेवायचा दांडा दिसायला हवा. चाचपडलो असतो, तर तुला कळलं असतं."

बारकी गाडीवरून उतरली आणि त्यांना बिलगली. मी पदर तोंडाला लावून तिथंच उभी राहिले. त्यांनी तिच्या खांद्यावरून हात बाहेर काढला, हातात पाना होता. तिच्याकडे नाही, माझ्याकडे धरला. म्हणजे मी असेन असं वाटलं त्या बाजूला.

"मी?" म्हटलं. "मला काय कळतंय त्यातलं?"

"शिवणयंत्राला तेल घातल्यावर आधी चिंधीवर चालवून बघतेस ना? नवऱ्यामुलाच्या सदऱ्यावर कधी डाग पडू दिलास? मग. तेल कुठं लागू द्यायचं नाही, ते तुला कळतं. बाकी मी सांगतो."

पहिल्या दिवशी मी चाकामागं पुठ्ठा धरला आणि मगच फवारा मारला. हे शेजारी स्टुलावर बसून नुसते कानानं ऐकत होते. बारकी गाडीवर बसली, मी चेन वरखाली हलवली, ह्यांनी माझ्या बोटांवर बोटं ठेवून ताण बघितला. "पाव फेरा सैल. बस. आता चाकाचा नट आवळ." मी आवळलं. जोर लावताना बांगड्या मनगटात रुतल्या. डिस्क दोनदा पुसली. मग मी पदर खोचून घरात निघाले, तर मागून आवाज आला, "कुठं? नट कोणी आवळला?"

"अहो, नाही हं. त्या सीटवर? ह्या वयात?"

"कोणी आवळला?"

बारकी तोंड फिरवून हसत होती. शेवटी स्टुलावर चढून मी त्या वीतभर सीटवर बसले आणि पोरीच्या कमरेला अशी मिठी मारली की ती म्हणाली, "आई, श्वास घेऊ दे." हे फाटकाशी आले. गाडी निघाली.

गल्लीच्या टोकाला, त्या बंद शटरपाशी, बारकीनं सवयीनं गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं. मग तिच्याच लक्षात आलं. मी मागं वळून बघितलं. हे फाटकात उभे होते आणि हात हलवत होते. मोठ्या रस्त्याकडं तोंड करून, पार दुसऱ्या दिशेला, त्यांच्या हिशेबानं आम्ही एव्हाना जिथं पोचलो असू तिकडं. आम्ही तर इथंच होतो, हाकेच्या अंतरावर.

बारकीनं आरशात बघितलं असावं. तिनं चावीला हात घातला. "आई," ती म्हणाली, "निघू?"

"थांब जरा," मी म्हटलं. "त्यांचा हात खाली येऊ दे."